रॉयल गाला का फुजी?

बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू केला, त्याच्या पहिल्या दिवशी मी फळ्यावर सफरचंद काढलं. माझी चित्रकला बेतास बात, ते टोमॅटोसारखं दिसायला लागलं, म्हणून वर देठ आणि एक पान चिकटवलं. खाली मोठा ए, छोटा ए. "ए फॉर अॅपल," मी म्हटलं. समोर सात बायका गप्प. दारात खुर्ची टाकून एक काका बसले होते. ते काही शिकायला आले नव्हते, बायकोला सोडायला आले आणि पंखा आहे म्हणून टेकले. त्यांनी मान तिरकी करून फळ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कंचं ओ ताई? रॉयल गाला का फुजी?"

काकांचा जन्म गेला वाशीच्या फळ मार्केटात पेट्या उचलण्यात. वॉशिंग्टन, फुजी, रॉयल गाला ही नावं त्यांच्या तोंडात दगडू-धोंडूसारखी बसलेली. मला सफरचंदाच्या दोन जाती माहीत, लाल आणि महाग.

तरी मी माझा हेका सोडला नाही. बी फॉर बॉल, सी फॉर कॅट. तासाभरात 'एच'पर्यंत पोचलो. पुढच्या वर्गाला सातातल्या तिघीच आल्या. न आलेल्यांपैकी एक मावशी भाजीवाल्याकडे भेटल्या. म्हणाल्या, "ताई, राग मानू नगा. पर नातवाच्या पुस्तकात बी हेच हाय. त्यो बघतोय नि हसतोय."

मी काही शिक्षिका नाही. तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला होते. कंपनी दुसऱ्या राज्यात गेली, मी कोपरखैरण्यातच राहिले. घर तीन टाकीजवळ. आमचा हा सगळा भाग माथाडींचा. १९६९ साली माथाडी कायदा झाला, पुढे मुंबईतले घाऊक बाजार वाशीला आले आणि सातारा-सांगलीकडची ही माणसं खाडी ओलांडून इकडे राहायला आली. सिडकोच्या बैठ्या घरांवर आता मजले चढलेत, तळमजल्यावर कुणाची गिरणी, कुणाचं पोळी-भाजी केंद्र. मुलं मात्र झाडून सगळी इंग्लिश मीडियमला.

वर्ग सुरू झाला तो अशाच एका मुलीच्या डायरीवरून. शेजारच्या वहिनी संध्याकाळी डायरी घेऊन आल्या, सोबत एक फॉर्म. वर लिहिलं होतं, 'किंडली साइन अँड रिटर्न'. वहिनींनी सही केली होती आणि फॉर्म तीन दिवस देव्हाऱ्याखाली जपून ठेवला होता. "साइन कळलं मला," त्या म्हणाल्या, "पण रिटर्न कशाचं काढायचं? रिटर्न तिकिटाचं असतं ना?" सहलीची यादी तोवर बंद झाली होती. मुलगी दोन दिवस आईशी बोलली नाही.

वहिनी चौथी पास. हे चौथीचं गणित मला आधी कधी सुचलं नव्हतं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. त्याआधी मराठी शाळेत इंग्रजी सुरू व्हायची पाचवीला. आणि गावातली शाळा बहुतेक चौथीपर्यंतच, पाचवीला शेजारच्या गावी चालत जायचं. म्हणजे ज्या मुलीला घरच्यांनी "आता पुरे" म्हटलं, तिची इंग्रजी एका मे महिन्याच्या सुट्टीनं हुकली. आमच्या वर्गात अशा चार होत्या. त्यांना ए-बी-सी-डी विसरलेली नव्हती, कुणी कधी दाखवलेलीच नव्हती.

वर्ग भरायचा मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी अडीचला, गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत. जेवणं आटपलेली, पोरं यायची असतात, पाणी अजून आलेलं नसतं. खोलीत ढोल, ताशे, गुंडाळलेली कनात आणि गेल्या वर्षीचं मखर. मखराच्या पाठीला काळा रंग मारून मी फळा केला होता. पुढून कैलास पर्वत, मागून इंग्रजी.

सफरचंद आपटल्यावर मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या वर्गाला खडू त्यांच्याच हातात दिला. म्हटलं, आज सकाळी उठल्यापासून इथे येईपर्यंत जे जे इंग्रजी शब्द तोंडातून गेले ते मराठीत लिहा. "इंग्रजी आन् आमी?" एक जण म्हणाली. मग कुणीतरी 'गॅस' म्हणालं. मग कुकर, मिक्सर, टाकीची मोटर, बटन, ट्यूबलाइट, चार्जिंग, रिचार्ज, टिफिन, युनिफॉर्म, व्हॅन, पास, प्लॅटफॉर्म, लेडीज, लोन, हप्ता. हप्त्यावर वाद झाला, तो आपला की त्यांचा. ठाण्याला घरकामाला जाणारी एक जण म्हणाली, इंडिकेटरवरचा एस म्हणजे स्लो आणि एफ म्हणजे फास्ट, हे मला येतं, लिहू का? लिही म्हटलं. फळा भरला, मग जमिनीवर लिहिलं. १६०च्या पुढे मी मोजायचं सोडलं.

इथे मला वाटलं, चला, अर्धं काम झालं. कसलं काय. खरा गुंता तिथूनच सुरू झाला, कारण हे शब्द मराठीत राहायला येऊन इथलेच झाले होते. आल्यावर त्यांनी धंदा बदलला होता.

"माय मिस्टर इज इन मार्केट." यात चूक काय, हे समजावताना माझी त्रेधा उडाली. मिस्टर म्हणजे नवरा, हे आपल्याकडे तीन पिढ्या चालत आलंय. इंग्रजीत मिस्टर नावाच्या आधी लागतो, एकटा फिरत नाही. "आमचा बी एकटा फिरत न्हाय," मागून आवाज आला आणि दहा मिनिटं वर्ग थांबला.

मग 'सिरीयस'. आपल्याकडे माणूस सिरीयस झाला की गावाला फोन जातात. पोरीच्या बाई पालकसभेत म्हणाल्या, "शी इज व्हेरी सिरीयस अबाउट स्टडीज," तेव्हा वहिनींच्या पोटात गोळा आला होता. 'डिलिव्हरी' म्हणजे बाळंतपण. दारात पार्सल घेऊन आलेला पोरगा "मॅडम, आपकी डिलिव्हरी है" म्हणाला, तर साठीच्या मावशींनी त्याला चांगलाच झाडला. आणि 'शुगर'. शुगर हा आजार आहे, चहात घालतात ती साखर. त्यामुळे मी "शुगर इन टी" म्हटल्यावर दोघींनी एकदमच विचारलं, "ज्यांना हाय त्यांच्या का समद्यांच्या?"

या शब्दांवर आमचे सहा वर्ग गेले. मला तेव्हा वाटायचं आपण उगाच रेंगाळतोय. आता वाटतं, हेच सहा वर्ग कामाचे झाले. कोऱ्या पाटीवर लिहायला मी आले होते आणि पाटी तर भरलेली होती. काय पुसायचं आणि काय तसंच ठेवून शेजारी दुसरा अर्थ लिहायचा, एवढंच ठरवायचं होतं. मिस्टर आम्ही पुसला नाही. घरात मिस्टर, शाळेच्या डायरीत हजबंड.

काका तोवर नेमानं यायला लागले होते, खुर्ची मात्र दारातच. एका शुक्रवारी ते पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू कापून घेऊन आले. वर छापील खुणा, दारूचा पेला, छत्री, वर तोंड केलेले दोन बाण. "पेला म्हंजे फुटनारं, हळू टेक. छत्री म्हंजे भिजू दिऊ नगं. बाण वर. हे म्या आयुष्यभर वाचलं. खालचं काय हाय ते सांगा." खाली शब्द होते, फ्रॅजाइल, कीप ड्राय, दिस साइड अप. अर्थ आधीपासून ठाऊक आणि शब्द मागून आलेला, असा धडा मला कुठल्या पुस्तकात सापडला नसता. काकांनी बोट ठेवून एकेक अक्षर बघितलं. 'कीप'वर बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "ह्यो 'के' सिमेंटच्या गोणीवर बी असतोय. के-जी."

तो 'कीप' मी धरून ठेवला. १९३० साली सी. के. ऑग्डेन यांनी इंग्रजीचा ८५० शब्दांचा एक छोटा संच मांडला होता, 'बेसिक इंग्लिश' म्हणून. त्यात क्रियापदं म्हणावीत अशी फक्त १८. कम, गो, गिव्ह, टेक, पुट, कीप, गेट अशी. १८ म्हणजे भिशीच्या बायकांएवढीच. मी तीच घेतली आणि बोलायचं बंद केलं. म्हणजे मी बोलायची, त्यांनी नुसतं करायचं. "पुट द चॉक ऑन द ढोल." "गिव्ह द बॅग टू मावशी." "गो टू द डोअर. कम बॅक." कुणाला तोंड उघडायची सक्ती नाही. दोन आठवडे खोलीत नुसती उठबस. चुकीच्या माणसाला पिशवी दिली की हशा, पण बोलताना चुकल्यावर जसं तोंड उतरतं तसं इथे कुणाचं उतरलं नाही. नंतर माझ्या डी.एड. झालेल्या भाच्यानं सांगितलं, याला नाव आहे, 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स', आणि जेम्स अॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं ते १९६०च्या दशकात मांडलं. मला ते ढोलामुळे सुचलं, खोलीत दुसरं काही ठेवायला नव्हतं.

वाक्यं बांधायची वेळ आली तेव्हा मात्र सगळ्या 'आय टी ड्रिंक'वर अडल्या. मराठीत क्रियापद शेवटी बसतं, इंग्रजीत मध्ये घुसतं, हे मी चारदा सांगितलं, चारदा माना डोलल्या, पाचव्यांदा पुन्हा 'आय टी ड्रिंक'. शेवटी तिघींना उभं केलं. एक 'मी', एक 'चहा', एक 'पिते'. हे झालं मराठी. आता इंग्रजीला 'चहा' आणि 'पिते' यांनी जागा बदला. बदलल्या. मग 'मी पोळी लाटते', 'मी भांडी घासते', प्रत्येक वाक्याला त्या दोघी फुगडीला उठल्यासारख्या उठून जागा बदलायच्या. चौथ्या वाक्याला 'मी' झालेल्या मावशी वैतागून म्हणाल्या, "कळलं ओ. इंग्रजीत काम आधी, वस्तू मागनं." व्याकरणाच्या कुठल्या पुस्तकात याहून नेटकं वाचल्याचं मला आठवत नाही.

'ऑन द ढोल'चंही तेच. आपण 'ढोलावर' म्हणतो, आपला 'वर' शेपटीला. त्यांचा डोक्याला. हे एकदा सांगितलं आणि लगेच बसलं.

'यू' मात्र कुणाच्याच घशाखाली उतरेना. डॉक्टरांना यू, सासूबाईंना यू आणि मांजरालाही यू? गावठाणातून येणाऱ्या, मासळी विकणाऱ्या आगरी मावशी तर हातच जोडून बसल्या, "मना नाय जमत, तोंडच उचलत नाय." त्यांचं खरं होतं. आपल्याकडे मान क्रियापदातच असतो. 'दे' आणि 'द्या' यात सगळं येतं. इंग्रजीत दोन्हीला 'गिव्ह'. मग तो मान ठेवायचा कुठे? मी म्हटलं, 'प्लीज'मध्ये ठेवा, नाहीतर 'सर', 'मॅडम'मध्ये. दुसऱ्या दिवसापासून प्लीजचा पाऊस. एकीनं एनएमएमटीच्या कंडक्टरला "वाशी, प्लीज" म्हटलं, तर त्यानं चष्मा वर करून बघितलं म्हणे.

आकड्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्या आठवणीनं अजून डोकं दुखतं. आपण पंचेचाळीस म्हणताना पाच आधी म्हणतो, चाळीस नंतर. इंग्रजीत फोर्टी आधी. त्यामुळे ऐकून लिहायला सांगितलं की ४५चे ५४. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा त्यावर हसणाऱ्यांत मीही होते. थर्टीन-थर्टी, फोर्टीन-फोर्टी ही दुसरी खोड. पिनकोडवर मात्र सगळ्या खूश, 'फोर डबल झीरो सेव्हन झीरो नाइन', अगदी पाढ्याच्या चालीत. फोन नंबर आला, 'डबल' आणि 'ट्रिपल' आलं. ओटीपी इंग्रजीतच काय, मराठीतही कुणाला सांगायचा नाही, हे त्यातच उरकून घेतलं.

अक्षरं शेवटी शिकवली, तीही गोळ्यांच्या पाकिटावर. घरातल्या जुन्या स्ट्रिप आणा म्हटलं, तर पर्सच्या तळाशीच निघाल्या. ई-एक्स-पी कुठे छापलंय ते शोधायचं, शेजारचा महिना आणि वर्ष वाचायचं. महिन्यांची नावं तोंडपाठ असल्यामुळे एम-ए-आर म्हणजे मार्च, एस-ई-पी म्हणजे सप्टेंबर हे त्यांनी आपापलं ओळखलं. मग खोलीत शांतता. प्रत्येकीनं डोळ्यांपासून हात लांब करून, खिडकीच्या उजेडाला धरून चंदेरी कागद फिरवत ती खोलगट, अर्धवट उमटलेली अक्षरं शोधायला घेतली. त्या दिवशी आमच्याकडे अकरा स्ट्रिपमधल्या पाच मुदत संपलेल्या निघाल्या. एका मावशींची तर नातवाच्या बारशाच्या आधीची, आणि नातू आता पहिलीला. त्यांनी तारीख बरोबर वाचली, सगळ्यांना दाखवली आणि स्ट्रिप परत पर्समध्ये ठेवली. "ऱ्हाऊ द्या. डोस्कं दुखलं तर."

एक गोष्ट माझ्याकडून वाईट झाली. अंगणवाडीत मदतनीस असलेली एक जण होती, वर्गात सगळ्यात धीट. एके दिवशी ती आपणहून उभी राहिली आणि म्हणाली, "माय सन गोइंग ट्वेल्थ, ही स्टडी नाइट." पाच महिन्यांतलं पहिलं न विचारता आलेलं वाक्य. आणि मी काय करावं? "इज गोइंग" म्हटलं, "इन ट्वेल्थ" म्हटलं, "स्टडीज अॅट नाइट" म्हटलं. तीन दुरुस्त्या, एका दमात, हसत हसत. ती खाली बसली. पुढचे तीन वर्ग ती आली, लिहिलं, पण बोलली नाही. मी कंपनीत असताना एका मीटिंगमध्ये साहेबांनी माझं 'डिड नॉट वेंट' सगळ्यांसमोर सुधारलं होतं आणि मी पुढे वर्षभर मीटिंगमध्ये फक्त मान हलवली होती. हे मला तेव्हा नेमकं आठवलं नाही, घरी कुकर लावताना आठवलं. चौथ्या वर्गाला तिला बाजूला घेऊन सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "सॉरी काय ताई, त्यात काय." पण बोलायला लागली ती आणखी दोन आठवड्यांनी. तेव्हापासून वाक्य संपेपर्यंत मी खडू दाताखाली धरते.

माझी स्वतःची इंग्रजीही पाचवीपासूनचीच, त्यामुळे अडायला व्हायचंच. 'नाइफ'च्या आधी 'के' कशाला, या प्रश्नाला मी सरळ "माहीत नाही, बघून सांगते" म्हटलं. बघितलं तर पूर्वी इंग्रज तो 'क' खरंच म्हणायचे. नंतर बोलण्यातून गेला, लिहिण्यात राहिला. पोळी-भाजी केंद्रवाल्या ताईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजे सासू गेली पर खाट तितंच." तेव्हापासून आमच्याकडे न उच्चारायच्या अक्षराला सासूची खाट म्हणतात. 'रिस्ट' शिकवताना डब्ल्यू दिसला की चार बोटं उठतात, "ही बगा, खाट!"

श्रावणात मंडळाला खोली हवी झाली. यंदा वर्गणी कमी, म्हणून जुनंच मखर रंगवून लावायचं ठरलं, आणि मखर म्हणजे आमचा फळा. कार्यकर्त्यांनी कैलास पर्वत पुन्हा निळा केला, मागे कोण बघतंय म्हणून मागची बाजू तशीच ठेवली. अनंत चतुर्दशीपर्यंत गणपतीच्या पाठीशी खडूनं 'वन्स मोअर प्लीज' आणि 'आय डोन्ट नो' लिहिलेलं होतं. आरतीला आमच्या बायका मुद्दाम डाव्या बाजूला उभ्या राहायच्या, तिथून ते वाचता यायचं.

वहिनींच्या मुलीची पुढची सहल दिवाळीनंतर आहे. फॉर्म आला त्या दिवशीच सही होऊन गेला, आणि डायरीत वहिनींनी स्वतः दोन ओळी लिहिल्या. 'माय हजबंड साइन. आय रिटर्न टुडे.' मी वाचल्या. खडू दाताखाली.

विसर्जनानंतरच्या पहिल्या मंगळवारी फळा परत भिंतीला लागला. काकांची खुर्ची आता उंबऱ्याच्या आत आली आहे, पण पाय अजून बाहेर. त्या दिवशी भूतकाळ सुरू केला. 'कुक'चं 'कुक्ड', 'वॉश'चं 'वॉश्ड', सगळं रांगेत चाललं होतं, आणि मग 'गो'. 'गो'चं 'वेंट' होतं म्हटल्यावर वर्ग खवळला. यात 'गो' कुठाय? हे काय धड आहे का? माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी पुन्हा "बघून सांगते" म्हणणार होते.

"कशाला बगताय?" काका म्हणाले. "'जा'चं 'गेला' व्हतंय. त्यात 'जा' कुटं हाय?"